तवशाचा मांडव

शिवडी,
२ जून २०२५

कौसू,

आशीर्वाद. अक्षर ओळखलं असशील. पाकीट न फोडता परत पाठवायचा विचार असेल तर पाठव, पण आमचा पोस्टमन नवीन आहे, त्याचा उगाच गोंधळ होईल.

फोन का नाही केला म्हणशील. अठ्ठावीस वर्षं साचेखात्यात कापड विणलं, त्या खडखडाटात कान गेले. फोनवर मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो आणि तो काही ऐकण्यासारखा नाही. स्वप्नील म्हणाला, आत्याला व्हॉट्सअ‍ॅप करा. तिथे समोरच्याने वाचलं की निळी खूण येते म्हणे. मग उत्तर आलं नाही की माणूस दिवसभर त्या खुणेकडे बघत बसणार. पत्राचं बरं असतं, पोचलंच नसेल अशी समजूत करून घेता येते.

काम असं आहे. आमच्या खोलीच्या मागे ती बारा-पंधरा फुटांची जागा आहे ना, जिथे चाळीने मोडकी कपाटं आणि फुटके ड्रम टाकून ठेवले होते, ती मी साफ केली. गोदामातली नोकरी मार्चमध्ये संपली, घरात बसून मीनाक्षीच्या मध्ये मध्ये करण्यापेक्षा हे बरं. जमीन फार ओली आहे. मोठी भरती असली की खालून पाणी चढतं आणि पाऊल टाकलं की पचपचतं. तरी तिथे मांडव घालायचा आणि त्यावर आयेच्या तवशाचा वेल चढवायचा असं मनात घेतलंय. बाजारात काकडी म्हणून जे मिळतं ते मला काकडी वाटतच नाही. आयेचं तवसं हातभर लांब, पिकून पिवळं झालेलं, दिवाळीपर्यंत आढ्याला टांगलेलं असायचं आणि मग त्याचं गूळ घालून धोंडस व्हायचं. त्या धोंडसाची मला हल्ली फार आठवण येते.

ते बी तुझ्याकडे आहे. आये गावाहून शेवटची आली तेव्हा तिने तुलाच दिलं होतं. चिमूटभर पाठव. मी अठराव्या वर्षी गिरणीत आलो, मांडवाचं सगळं तूच तिच्या हाताखाली शिकलीस. ओल्या जमिनीत तो कसा घालायचा तेही चार ओळी लिही.

दादा


गिरगाव,
९ जून २०२५

श्री. जयवंत यांस,

पत्र मिळालं. नऊ वर्षांनी लिहिलंत आणि लिहिलंत कशाबद्दल, तर काकडीबद्दल.

श्रेयाच्या लग्नात भटजींनी मुलीच्या मामांना बोलवा म्हणून तीनदा सांगितलं. मी हॉलच्या दारापर्यंत जाऊन पाहून आले. मामाला ताप आलाय असा निरोप होता. शेवटी माझ्या चुलतदिराने मुलीला बोहल्यावर आणलं. आणि त्याच वेळी तुम्ही आयेला स्मशानात नेत होता. मला संध्याकाळी कळवलंत, श्रेया सासरी गेल्यावर. सुतक आलं तर मला कन्यादान करता येणार नाही, म्हणून मी आईचं तोंड पाहायचं नाही असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मला विचारलं असतंत तर मी लग्न पुढे ढकललं असतं. हॉल गेला असता, जेवण वाया गेलं असतं, लोक बोलले असते. बोलू दिलं असतं.

तुम्ही तेव्हा एवढंच म्हणालात की ती दोन दिवस शुद्धीत नव्हती, कुणाला ओळखत नव्हती. तेवढ्या एका वाक्यावर मी ही नऊ वर्षं काढली. ती मला शोधत नव्हती, असं रोज मनाला सांगते.

बी सोबत पाठवते आहे. मागितलंत म्हणून. आता मांडवाचं. ओल्या जागेत बांबू वर्षभरात खालून कुजतो. मेढीचा बुडखा जाळावर काळा होईस्तोवर भाजायचा, मग पुरायचा. आळं खड्ड्यात करायचं नाही, उंचवटा करायचा, त्याच्या खाली विटांचे तुकडे घालायचे म्हणजे पाणी निथळतं. मांडव आये डोक्याच्या वर ठेवायची, तिला आत उभं राहून हात वर करून काढता यावं म्हणून.

उत्तराची गरज नाही.

कौसल्या


शिवडी,
१७ जून २०२५

कौसू,

हे उत्तर नाही, पोच आहे. अकरा बिया मिळाल्या.

तुझं पत्र मी मीनाक्षीला वाचून दाखवलं. ‘तुम्ही’ आलं की ती दर वेळी दाराकडे बघत होती, कुणी पाहुणा आला की काय म्हणून. मी तिला म्हटलं, पाहुणा मीच. लग्नाचं जे लिहिलंस ते सगळं खरं आहे.

मेढी परळच्या मंडपवाल्याकडून आणल्या. चाळीच्या चौकात जाळ करून बुडखे भाजले, तेव्हा तीन जणांनी खिडकीतून विचारलं की कोण गेलं. वर आडव्या काठ्या टाकल्या आणि सुंभाने बांधल्या. गाठी माझ्या हातच्या आहेत, साच्यावर तुटलेला धागा जोडायचो त्या. कान गेले तरी बोटं शाबूत आहेत. वरून मांडव असा दिसतो की स्वप्नीलची बायको म्हणाली, बाबा, आता लग्न कुणाचं.

आळी पाच केली, प्रत्येकात दोन बिया. एक उरली ती मी देव्हाऱ्यात ठेवली आहे.

तुझा दादा


गिरगाव,
२२ जुलै २०२५

श्री. जयवंत यांस,

लिहिणार नव्हते. पण गेले चार दिवस धो धो चाललंय आणि इथे गॅलरीत बसून मला उगाच त्या आळ्यांची काळजी लागली आहे. रुजलं का काही? ओलीत मूळ कुजतं. बुंध्याशी चुलीतली राख घालायची, पण तुमच्याकडे चूल कुठली, तेव्हा गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून घ्या. सुंभ वेलाला आवळून बांधू नका, सैल ठेवा.

नाही रुजलं तर नाही रुजलं. सोडून द्या. उगाच त्यात जीव अडकवून घेऊ नका.

पानं कशी आहेत, तेवढं कळवा.

कौसल्या


शिवडी,
३ ऑगस्ट २०२५

कौसू,

अकरातल्या दहा लावल्या आणि सात रुजल्या. तीन पाण्याने खाल्ल्या. दोन आळी मला दोनदा उंच करावी लागली, एकदा भरतीचं पाणी पाव मेढीपर्यंत आलं होतं. वाटलं, गेलं सगळं. पाणी ओसरल्यावर बघतो तर वेल मांडवावर आणि खाली चिखलात एक खेकडा. खेकड्याला मीनाक्षीने रस्सा करून न्याय दिला.

पानं छान आहेत. जरा बारीक आहेत आणि कातरल्यासारखी, पण दमट जमीन आहे, वाढ खुंटत असेल. पिवळी फुलं आली आहेत. सकाळी चहा घेऊन मी मांडवाखाली बसतो. तू आणि आये आत शिरून तवशी काढायचात आणि मी बाहेर उभा राहून मोजायचो, ते दिसतं. तुझे नुसते पाय दिसायचे आणि डाव्या पायात काळा दोरा.

इस्त्रीवाल्याची राख घातली. तो आता रोज विचारतो, काकडी कधी.

तुझा दादा


गिरगाव,
१२ ऑगस्ट २०२५

दादा,

पत्र वाचलं. काळा दोरा उजव्या पायात होता.

इतका खर्च, इतकी मेहनत करू नकोस रे या वयात. पाण्यात उभा राहतोस, पाय सुजतील. आणि फळ धरलंच तर कसं आहे ते नीट बघून लिही. नीट बघून.

कौसल्या


शिवडी,
३० ऑगस्ट २०२५

कौसू,

फळ धरलंय. गणपतीच्या डोक्यावरची माटवी यंदा आपल्याच मांडवाने सजली. नारळ, सुपारी, तेरडा बाजारातून आणला, पण मधोमध मांडवावरची पाच फळं बांधली. हिरवी आहेत, अंगावर पांढरट रेघा. आकार म्हणशील तर अंड्याएवढा. आयेची लांब व्हायची, ही गोल आहेत. माती वेगळी, पाणी खारं.

चाळीतली माणसं मागे येऊन बघून जातात. कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं तर ते कुजतं असं मी एकदा बोललो, तर आता सगळे बोट वाकवून दाखवतात. पहिल्या माळ्यावरची कमलाबाई तर कोपराने दाखवते.

आरती करताना तुझी आठवण झाली. दर वर्षी होते, यंदा लिहायला निमित्त आहे.

दादा


गिरगाव,
६ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझे डोळे बरे आहेत ना? मोतीबिंदू वाढला असेल तर लगेच दाखव. आणि वहिनीला विचार, हल्ली तू काही विसरतोस का, माणसं ओळखायला चुकतोस का. रागावू नकोस, मला खरंच काळजी वाटते. अंड्याएवढी गोल फळं, अंगावर रेघा, आणि तुला त्यात काही वेगळं वाटलं नाही?

कुणी ते चाखलं तर नाही ना? चाखू देऊ नकोस.

कौसू


शिवडी,
१५ सप्टेंबर २०२५

कौसू,

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं गेल्या वर्षी झाली. आता इतकं स्वच्छ दिसतं की मीनाक्षी म्हणते, पूर्वी बरे होतात, घरातली धूळ दिसत नव्हती. विसरतही नाही. दुर्दैवाने काहीच विसरत नाही.

कुणी चाखलं नाही. पिकेपर्यंत हात लावायचा नाही असा नियम केलाय.

आता एक विचारतो. आठवडाभर हे वाक्य मनात लिहून खोडतोय. यंदा भाऊबीजेला मी गिरगावात येऊ का? नऊ वर्षं त्या दिवशी मी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. मीनाक्षी विचारतही नाही. दुपारी शर्ट काढून ठेवतो. मला आता अडुसष्टावं आहे, कौसू. असे शर्ट अजून किती घालायचे. मला तुझ्याकडे यायचंय, एवढीच गोष्ट आहे, बाकी काकडीबिकडी सगळं त्याच्यासाठी.

नको म्हणालीस तरी चालेल, फक्त लिहून कळव.

दादा


गिरगाव,
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

वीस दिवस लागले हे लिहायला. तू विचारलंस त्याचं उत्तर देण्याआधी मला काही सांगायचंय आणि ते वाचून तू स्वतःच यायचं नाही म्हणशील.

ते बी तवशाचं नाही. कारिटाचं आहे. गेल्या दिवाळीला दादरच्या बाजारातून पाच कारिटं आणली होती, नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली फोडायला. त्यातलं एक राहून गेलं आणि खिडकीत वाळलं. तुझं पत्र आलं तेव्हा ते समोरच होतं. तू काकडीबद्दल लिहिलंस याचा मला इतका राग आला की मी ते फोडून त्याच्या बिया पाकिटात भरल्या. वाटलं, राबू दे चार महिने त्या चिखलात. आणि शेवटी तोंडात घालू दे, कळू दे कडू म्हणजे काय.

मग तुझी पत्रं यायला लागली. विटा, राख, तो खेकडा. प्रत्येक पत्र वाचून मी ठरवायची की उद्या सांगते. तू ती फळं माटवीला बांधलीस तेव्हा मी इथे एकटी रडले. तुला दिसत नाही, कळत नाही असं वाटून आणखीच लाज वाटली. म्हाताऱ्या भावाला फसवलं मी.

आयेचं बी माझ्याकडे आहे. तिच्या लुगड्याच्या काठाच्या पुरचुंडीत राखेत ठेवलेलं, तिने दिलं तसं. त्यावरची गाठ तिने मारलेली आहे, दुहेरी, शेवटी दाताने ओढलेली. नऊ वर्षांत मला ती सोडवली नाही. कितीदा हातात घेतली आणि ठेवून दिली. राग नसता तरी मी ते बी तुला पाठवू शकले असते की नाही, सांगता येत नाही.

तो वेल उपटून टाक. मांडव दुसऱ्या कशाला तरी कामी येईल.

कौसू


शिवडी,
१६ ऑक्टोबर २०२५

कौसू,

हे पत्र आणि सोबतचं खोकं स्वप्नील आणून देईल. खोक्यात पाच कारिटं आहेत. पिवळी झालेली निवडून काढली. तुला यंदा दादरला जायला नको.

बी पाकिटातून हातावर पडलं तेव्हाच कळलं होतं. तवशाचं बी टपोरं असतं, हे बारीक. तू विसरलीस, दिवाळीच्या आदल्या दिवशी अख्ख्या वाडीसाठी कुंपणावरची कारिटं काढून आणायचं काम माझं होतं. टोपली धरून मागून तूच यायचीस. शेतीतलं मला काही येत नसेल, पण कारीट मी झोपेतही ओळखीन.

मग लावलं कशाला? तू पाठवलंस म्हणून. नऊ वर्षांत तुझ्या हातून माझ्या घरी आलेली ती एकच वस्तू. तिला पाणी घालायला मिळालं, तिच्याबद्दल तुला लिहायला मिळालं. मी तुला खेळवलं हे खरं, त्याबद्दल माफ कर. पण कळलंय असं लिहिलं असतं तर पत्रं थांबली असती, ती भीती होती. वेल उपटणार नाही. त्रेसष्ट फळं लागली आहेत. सोमवारी पहाटे अख्खी चाळ आपल्या मांडवावरची कारिटं फोडणार आहे.

तुझं सांगून झालं. आता माझ्याकडे एक आहे, ते मी नऊ वर्षं दाबून ठेवलंय.

आये शुद्धीत होती. त्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत, इथे आमच्या खोलीत, सगळं समजत होतं तिला. तिने दोनदा विचारलं, “कौसू इली काय?” मी दोन्ही वेळा सांगितलं, वाटेत आहे. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. दाराकडे तोंड करून पडून राहिली आणि तशीच गेली. मी तुझं लग्नघर मोडू नये म्हणून कळवलं नाही, ते कारण खरं आहे. पण ती शुद्धीत नव्हती असं जे तुला सांगितलं, ते तुझ्यासाठी सांगितलं असं मी मला समजावत आलो, आणि ते खरं नाही. तू विचारशील, “ती मला शोधत होती का?” आणि मला हो म्हणावं लागेल, याला मी घाबरलो. तिची शेवटची भेट मी तुझ्याकडून घेतली. ती परत देता येत नाही.

हे वाचल्यावर मला घरात घेऊ नकोस, मी समजेन. शर्ट इस्त्रीला दिला आहे, तो माझ्या सवयीने.

दादा


गिरगाव,
२० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी

दादा,

आज पोस्ट बंद. हे पत्र श्रेया घेऊन येते आहे. मामाकडे जाते म्हणाली, मी अडवलं नाही. तिला मांडवाखालून आत घे, एवढं तुझं राहिलं आहे.

तुझं पत्र मी चार दिवस उशाशी ठेवलं. पहिल्या दिवशी वाटलं, खोकं खाली रस्त्यावर भिरकावून द्यावं. आज अभ्यंगस्नान झाल्यावर, अंगण नाही म्हणून इथे गॅलरीतच, तुझं कारीट अंगठ्याखाली फोडलं. आये शिकवायची तसं त्यातलं बोटावर घेऊन जिभेला लावलं. इतकं कडू कारीट मी आजवर चाखलं नव्हतं. तसंच तोंडात ठेवून बसून राहिले. मग दही-गुळाचे पोहे घेतले. ते गोड लागले, हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लागले.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तुझ्यावर राग आहे आणि तो बहुतेक राहील. पण ती मला शोधत होती. हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं आणि तू सांगितलंस. नऊ वर्षं मी उगाच असं धरून चालले की तिला माझी आठवणही नव्हती.

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं. यंदा उलटं करू. गुरुवारी सकाळी मी शिवडीला येते. ओवाळीन त्या मांडवाखालीच, वहिनीला म्हणावं चिखलावर दोन फळ्या टाकून ठेव. इस्त्रीचा शर्ट घाल आणि दुपारी काढू नकोस. पुरचुंडी घेऊन येते. माझ्या हाताने सुटत नाही, गाठ तू सोड, तुझी बोटं शाबूत आहेत ना. बी नऊ वर्षांचं आहे, रुजेल की नाही माहीत नाही. मृगाला दोघं मिळून लावून बघू.

आणि मला ते दार बघायचंय. ती ज्या बाजूला तोंड करून होती, त्या दारातून मला आत यायचंय. गुरुवारी ते उघडं ठेव.

तोवर कुणी विचारलं, तर सांग, कौसू वाटेत आहे.

तुझी
कौसू